आगगाडीचे चिमुकले डबे

लहान मुलाच्या हाती लाकडाची किंवा पत्र्याची आगगाडी दिली म्हणजे ते तिला दोरी बांधून घरभर ओढीत फिरते. चाके फिरली आणि थोडासा खडखडाट झाला, की त्याचे समाधान होते. डब्यांना खिडक्या किती, दारे कोणीकडे, याची त्याला फिकीर नसते. आणि ती असण्याचे कारणही नाही. परंतु जगात अशीही वयाने वाढलेली माणसे आहेत, की जी आगगाडीचा वीतभर लांबीचा डबा हातात घेतात, डोळ्याला भिंग लावतात आणि खिडकीचे आडवे गज मोजू लागतात. एखादा गज कमी भरला, तर विकत घेतलेला डबा ती दुकानदाराला परत करतात. शेजाऱ्यांना हा वेडेपणा वाटतो. तथापि या वेडात बरेच शहाणपण आहे, आणि ते कोणते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक कोणता? खेळण्यातील डबा 'डब्यासारखा' असला म्हणजे पुरे. प्रतिकृतीला मात्र एका विशिष्ट डब्याशी इमान राखावे लागते. तुम्ही भूगोलाच्या तासाला नकाशा पाहता, तेव्हा कोपऱ्यात त्याचे प्रमाण दिलेले असते. नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अमुक किलोमीटर, असे ते सांगते. त्या प्रमाणामुळेच नकाशावरून दोन गावांमधील अंतर काढता येते. प्रमाण नसेल, तर तो नकाशा न राहता नुसते चित्र होईल. डब्याच्या प्रतिकृतीलाही असेच प्रमाण असते. आज जगात सर्वांत अधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे होय. मूळ वस्तूची लांबी, रुंदी, उंची, चाकांचा व्यास, पायऱ्यांमधील अंतर, सगळे काही ८७ ने भागावयाचे आणि येईल त्या मापाने लहान डबा घडवावयाचा.

आपण एक उदाहरण करून पाहू. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथील पेरांबूर भागात डबे बांधण्याचा एक मोठा सरकारी कारखाना आहे. त्याचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. एका स्विस कंपनीच्या सहकार्याने तेथे पोलादी डबे तयार होऊ लागले. कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'आयसीएफ' डबे म्हणतात. तुमच्या आईवडिलांनी आणि आजोबांनी बहुधा याच डब्यांतून प्रवास केला असेल. या डब्याची लांबी २१,३३७ मिलिमीटर आणि रुंदी ३,२४५ मिलिमीटर असते. आता ८७ ने भागा. लांबी सुमारे २४५ मिलिमीटर येईल आणि रुंदी ३७ मिलिमीटरांहून किंचित अधिक. नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर असतो. लहान डब्यात तो साडेदहा मिलिमीटर भरला पाहिजे. म्हणजे पूर्ण डबा तुमच्या कंपासपेटीतील पट्टीहून बराच लांब आणि चाक शर्टाच्या गुंडीएवढे! बारा डब्यांची गाडी करावयाची, तर नुसत्या डब्यांनाच जवळजवळ तीन मीटर जागा लागते. म्हणून ज्यांचे घर लहान आहे, ते १:१६० हे प्रमाण पत्करतात. त्या प्रमाणात हाच डबा अवघा १३३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ निम्म्याने लहान होतो. पण मग खिडकीचे गज दाखविण्यास केसाएवढी बारीक रेघ काढावी लागते.

हा छंद आज-उद्याचा नाही. जर्मनीतील मेर्क्लिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणाऱ्या खेळण्यातील गाड्या मांडल्या. त्यामुळे आज एक डबा घेतला, पुढच्या वर्षी दुसरा, आणि दोन्ही एकाच रुळावर चालले, ही सोय झाली. संग्रह करण्याची वृत्ती तेथूनच बळावली. इंग्लंडात लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी नावाचा गृहस्थ होता. भोके पाडलेल्या पट्ट्या नटबोल्टांनी जोडून यंत्रे करण्याचे 'मेकॅनो' हे खेळणे त्याचेच. त्याचे पेटंट त्याने १९०१ मध्ये घेतले. १९२० पासून त्याची कंपनी किल्लीच्या आगगाड्या विकू लागली. हे जुने डबे पत्र्याचे असत आणि खिडक्या पत्र्यावर छापलेल्या असत. ते दिसावयास सुरेख होते, परंतु त्यांना प्रतिकृती म्हणता येणार नाही. पुढे साच्यातून प्लॅस्टिक ओतण्याची कला सुधारली, तेव्हा कोठे दारांच्या कड्या, छतावरील वायुवीजनाच्या टोप्या आणि डब्याखालील बॅटरीच्या पेट्या इतक्या लहान आकारात वठविता येऊ लागल्या.

आता आपण या विषयातील खऱ्या अडचणीकडे वळू. ती विशेषतः आपणा भारतीयांची आहे.

१:८७ या प्रमाणाच्या गाड्यांसाठी जे रूळ बाजारात मिळतात, त्यांच्यामधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. या संख्येला ८७ ने गुणले, तर सुमारे १,४३५ मिलिमीटर येतात. युरोप आणि अमेरिका येथील बहुतेक लोहमार्गांच्या रुळांमध्ये एवढेच अंतर असते. त्यांचा हिशेब अगदी बरोबर जमतो. आपला रुंदमापी लोहमार्ग मात्र १,६७६ मिलिमीटरांचा आहे. त्याला ८७ ने भागले, तर १९.२६ मिलिमीटर येतात. अर्थात भारतीय डबा प्रमाणात बांधला आणि बाजारातल्या रुळांवर उभा केला, की त्याची चाके पावणेतीन मिलिमीटरांनी एकमेकांच्या जवळ येतात. पावणेतीन मिलिमीटर म्हणजे काही फार नव्हे, असे तुम्ही म्हणाल. परंतु खऱ्या डब्यात हे अंतर २४० मिलिमीटर होते. समोरून पाहिले असता असा डबा अरुंद पायांवर उभा राहिलेल्या लठ्ठ माणसासारखा दिसतो.

मग करावे काय? डबा खरा ठेवून रूळ खोटे पत्करावेत, की रूळही खरे करावेत? बहुतेक संग्राहक पहिला मार्ग धरतात, कारण दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याला रूळ, सांधे, चाकांच्या जोड्या आणि इंजिनाचा सांगाडा हे सर्व स्वतःच्या हाताने घडवावे लागते. इंग्रजांपुढेही असाच प्रसंग आला होता. त्यांची इंजिने आकाराने लहान. १:८७ प्रमाणात केल्यास त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटात मावत ना. म्हणून त्यांनी गाड्या थोड्या मोठ्या, १:७६ प्रमाणात केल्या, पण रूळ तेच १६.५ मिलिमीटरांचे ठेवले. वास्तविक त्यांना १८.८ मिलिमीटर हवे होते. ती विसंगती इंग्लंडात आजही चालू आहे. काही मोजकी माणसे तेवढी चाके बदलून आणि रूळ स्वतः अंथरून हिशेब पुरा करतात. माझे मत विचाराल, तर डबा काचेच्या कपाटात ठेवावयाचा असेल, त्याने चाकांचे अंतरही खरे करून घ्यावे. गाडी चालवावयाची असेल, त्याने रुळांशी तडजोड करावी, पण ती तडजोड आहे हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे. पाहणाऱ्याला ठाऊक असलेली तडजोड निराळी आणि नकळत झालेली फसवणूक निराळी.

एक तडजोड मात्र मला स्वतःला मुळीच आवडत नाही. युरोपातील पुष्कळ डबे २६.४ मीटर लांब असतात. १:८७ प्रमाणात ते ३०३ मिलिमीटर भरावयास हवेत. घरातील रुळांची वळणे फार तीव्र असतात. इतका लांब डबा वळणावर रुळाबाहेर डोकावतो आणि शेजारच्या गाडीला घासतो. म्हणून काही कारखानदार उंची आणि रुंदी १:८७ ठेवतात, पण लांबी १:१०० प्रमाणात कापून २६४ मिलिमीटरच करतात. डबा आखूड झाला, की खिडक्या तरी अरुंद होतात किंवा त्यांची संख्या तरी कमी होते. पेटीवर प्रमाण १:८७ असेच छापलेले असते. म्हणून डबा विकत घेताना खिशात एक पट्टी असावी. मूळ डब्याची लांबी आधी माहीत करून घ्यावी, ८७ ने भागावी, आणि मग दुकानदारासमोरच डबा मोजावा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. कापड घेताना आपण मीटर मोजूनच घेतो. तपशीलवार डब्याला काही हजार रुपये पडतात, तेव्हा एवढी चौकशी करणे रास्तच आहे.

मापाइतकाच महत्त्वाचा आहे तो काळ. खरा डबा जन्माला येतो, रंग बदलतो, दुरुस्त होतो आणि म्हाताराही होतो. आयसीएफ डब्याचे आयुष्य साधारणपणे २५ वर्षांचे धरलेले असते; त्यानंतर तो मोडीत निघतो. तेव्हा प्रतिकृती कोणत्या डब्याची, एवढे विचारून भागत नाही. कोणत्या सालच्या डब्याची, हेही विचारावे लागते.

आपल्या सर्वांच्या परिचयाची डेक्कन क्वीन घ्या. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेने तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन संच केले होते. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडातून आले, परंतु वरचे डबे मुंबईत माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. एका संचाचा रंग चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसऱ्याचा निळा, त्यावर सोनेरी रेघा. आरंभी या गाडीला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा उतारू तिच्यात पाऊल ठेवू शकत नसे. तिसरा वर्ग तिला जोडला गेला तो १९५५ मध्ये. १९६६ साली जुने डबे काढून पेरांबूरचे पोलादी डबे तिला लावण्यात आले आणि डब्यांची संख्या सातावरून बारावर गेली. पुढे मलईसारखा पिवळट पांढरा आणि निळा असा रंग तिला मिळाला, खिडक्यांच्या वर तांबडा पट्टा आला. जून २०२२ मध्ये पुन्हा सगळे डबे बदलले आणि जर्मन धर्तीचे, 'एलएचबी' नावाने ओळखले जाणारे नवे डबे आले.

आता समजा, एखाद्या दुकानात बारा डब्यांचा संच मांडला आहे. डबे पेरांबूरचे, रंग चंदेरी आणि लाल, आणि पेटीवर लिहिले आहे 'डेक्कन क्वीन, १९३०'. डबे कितीही चकचकीत असले, तरी जाणता संग्राहक तो संच घेणार नाही. १९३० मध्ये पेरांबूरचा कारखानाच नव्हता! असा संच घरी आणून ठेवला, की दहा वर्षांनी त्याच्याकडे पाहणारा मुलगा डेक्कन क्वीन पहिल्यापासून अशीच होती असे समजेल. चुकीचे लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकाने जे नुकसान होते, तेच येथेही होते. पुस्तकातील चूक निदान खोडता तरी येते.

काळ ओळखण्याच्या खुणा डब्याच्या अंगावरच असतात. सर्वांत मोठी खूण रंगाची. पेरांबूरचे डबे कित्येक वर्षे विटकरी तांबड्या रंगाचे होते. १९९० च्या दशकात ते निळे होऊ लागले. दुसरी खूण क्रमांकाची. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे डब्यावर पाच आकडे असत. पहिले दोन आकडे डबा बांधल्याचे वर्ष सांगत, उरलेले तीन त्याचा प्रकार. ८६२३४ असा क्रमांक दिसला, तर डबा १९८६ चा आणि शयनयानाचा, हे उघड झाले. कारण २०१ ते ४०० हे आकडे दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांसाठी राखलेले होते. आता हाच क्रमांक एखाद्या एलएचबी डब्याच्या प्रतिकृतीवर चिकटविलेला आढळला, तर काय समजावे? एलएचबी डबे आपल्या देशात २००० सालच्या सुमारास आले. म्हणजे चिकटविणाऱ्याने आकडे केवळ शोभेसाठी लावले.

या दोन जातींच्या डब्यांतील भेद तुम्हालाही कोणत्याही स्थानकावर सहज ओळखता येईल. पेरांबूरच्या मूळच्या डब्याच्या दोन्ही टोकांना वाटोळ्या तबकडीसारखे दोन-दोन बफर असतात आणि दोन डबे मधल्या मळसूत्री जोडणीने एकमेकांत आवळलेले असतात. एलएचबी डब्याला हे बाजूचे बफर नसतात. मुठीत मूठ अडकवावी तशी मधोमध एकच भक्कम जोडणी असते. लांबीतही फरक आहे. एलएचबी डबा २३,५४० मिलिमीटरांचा. लहान प्रमाणात तो पेरांबूरच्या डब्याहून २५ मिलिमीटरांनी, म्हणजे बोटभर रुंदीहूनही अधिक, मोठा झाला पाहिजे. पुष्कळदा असे होते, की परदेशी डबा घेऊन त्याला आपल्याकडचा निळा रंग फासतात आणि भारतीय म्हणून विकतात. मग खिडक्यांना गज नसतात, संकटकाळी उघडावयाची बिनगजांची खिडकी वेगळी दिसत नाही, दाराच्या पायऱ्यांचा पत्ता नसतो. आपल्याकडे कित्येक स्थानकांचे फलाट बसके असत, म्हणून पायऱ्या खोल उतरलेल्या असतात. त्या नसल्या, तर माणूस डब्यात चढणार कसा?

जाता जाता एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. आपण बोलताना डब्यालाच 'बोगी' म्हणतो. खरे पाहता बोगी म्हणजे डब्याखालील चाकांचा गाडा. प्रत्येक डब्याखाली असे दोन गाडे असतात आणि प्रत्येकात चार चाके. गाडा डब्याच्या पोटाखाली फिरू शकतो, म्हणूनच लांबलचक डबा वळणावरून सुखरूप जातो. संग्राहकाच्या तोंडून 'या डब्याची बोगी चुकली आहे' असे वाक्य ऐकले, तर त्याचा अर्थ आता तुम्हाला समजेल. चांगल्या प्रतिकृतीत हा गाडा मोकळेपणाने फिरतो, चाके धातूची असतात आणि आसावर डुगडुगत नाहीत. डबा सपाट काचेवर ठेवून हलकेच ढकलावा. तो सरळ जाऊन हळूहळू थांबला तर उत्तम, मध्येच अडखळला तर आस वाकलेला आहे असे समजावे.

संग्रह कसा करावा, याविषयी जाणत्यांमध्ये मतभेद आहेत. काहींना निरनिराळ्या देशांचे एकेक डबे गोळा करण्याची हौस असते. मला स्वतःला वाटते, की वीस सुट्या डब्यांपेक्षा एका सालची एक पुरी गाडी अधिक मोलाची. गाडी पुरी करावयाची म्हटली, की तिच्यात गार्डाचा आणि सामानाचा डबा कोठे होता, भोजनयान कितवे होते, डाकेचा डबा जोडीत असत काय, हे सगळे शोधावे लागते. जुनी वेळापत्रके, छायाचित्रे आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आठवणी यांतून ते हळूहळू उलगडत जाते. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे मोठी पिवळी फुली असते, हे तुम्ही पाहिले असेल. गाडी पुरी गेली, मागे एकही डबा सुटून राहिला नाही, हे स्थानकातील माणसाला तिच्यावरून कळते. लहान गाडीतही ती फुली शेवटच्याच डब्याला हवी. मधल्याच डब्यामागे ती काढलेली असली, तर खऱ्या मार्गावर केवढा घोटाळा उडाला असता!

तपशीलवार डबे थोड्या संख्येने तयार होतात आणि संपले की पुन्हा सहसा निघत नाहीत. त्यामुळे पुष्कळांना ते जुन्या बाजारातून घ्यावे लागतात. तेव्हा मूळची पेटी आणि तिच्यातील माहितीपत्रक पाहून घ्यावे. जुन्या धातूच्या भागांना एक विचित्र रोग जडतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश मिसळला गेला असेल, तर काही वर्षांनी तो धातू फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी बिस्किटासारखा त्याचा चुरा होतो. बाहेरून रंग शाबूत असतो, म्हणून फसगत होते. या रोगावर औषध नाही. प्लॅस्टिकच्या डब्यांचे शत्रू ऊन आणि उष्णता. मराठवाड्यातील वैशाखाच्या उन्हात खिडकीशी ठेवलेला डबा काही दिवसांत वाकतो, आणि निळा रंग उडून राखी होतो. डबे कपाटात, उन्हापासून दूर ठेवावेत. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, ओल्या फडक्याने पुसू नये.

असा संग्रह एकट्याच्या कपाटातून बाहेर पडून सर्वांचा झाला, याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्यास कोथरूड भागात कर्वे रस्त्यालगत जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांना लहान आगगाड्यांची आवड होती. प्रदर्शने भरवीत भरवीत त्या आवडीतून १९९८ मध्ये हे संग्रहालय उभे राहिले. तेथे एक लहानसे शहरच मांडले आहे. सिग्नल बदलतात, दिव्यांचे खांब उजळतात, उड्डाणपुलांखालून गाड्या धावतात आणि या सर्वांचे नियंत्रण यंत्राने होते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९७७ पासून खरी इंजिने आणि खरे डबे जतन केलेले आहेत. परंतु खरा डबा ठेवावयास केवढी जागा लागते, हे सांगावयास नको. प्रत्येक जातीचा एकेक डबा राखणे देशालाही झेपणारे नाही. जे मोठ्या आकारात राहू शकत नाही, ते लहान आकारात राहू शकते, ही या छंदाची खरी उपयुक्तता होय.

आमच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात हसनाबाद हे गाव आहे. गावात लोहमार्ग नाही. आगगाडी पाहावयाची तर जालना स्थानक गाठावे लागते. तेथून २०२३ च्या डिसेंबरात मुंबईकडे वंदे भारत गाडी सुरू झाली. तिचे डबेही पेरांबूरच्याच कारखान्यात बांधले जातात, पण तेथील जुन्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन मात्र जानेवारी २०१८ मध्ये थांबले. जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गास केंद्र सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली. पुढे काय येणार, हे मुलांना ठाऊक आहे. मागे काय होऊन गेले, हे मात्र फारच थोड्यांना सांगता येते.

मनमाडहून औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि जालना या गावांवरून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास बांधला गेला. तो मीटरमापी होता. रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर. १९९० च्या दशकात या भागातील तो रुंदमापी झाला आणि जुने रूळ उखडले गेले. अजिंठा एक्सप्रेस आज रुंद रुळांवरून धावते, पण पूर्वी ती याच मीटरमापी मार्गावरची गाडी होती. तिचे डबे आजच्या डब्यांहून अरुंद आणि बुटके असत. आज जालन्याच्या फलाटावर तसा एकही डबा दिसत नाही, आणि कोणत्याही मोठ्या कारखानदाराच्या सूचिपत्रात त्याची प्रतिकृती मिळत नाही. तो डबा विकत घ्यावयाचा म्हटले, तरी घेता येत नाही. तो करावाच लागेल.

ते काम तुमच्या वयाच्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे नाही. येथे आपली नेहमीची अडचणही येत नाही. १,००० मिलिमीटरांना ८७ ने भागले, तर साडेअकरा मिलिमीटर येतात, आणि परदेशी मीटरमापी गाड्यांसाठी १२ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. फरक अर्ध्या मिलिमीटराचा! डब्याची भिंत जाड पुठ्ठ्याची करता येते; दोन पदर डिंकाने चिकटवून वजनाखाली रात्रभर ठेवावेत, म्हणजे त्या वाकत नाहीत. गजांसाठी तांब्याची बारीक तार चालते. कठीण काम आहे ते मापे मिळविण्याचे. त्यासाठी गावातील वृद्धांना विचारावे, घरोघरच्या जुन्या पेट्यांतील छायाचित्रे पाहावीत. फलाटावर काढलेल्या छायाचित्रात माणूस उभा असेल तर फारच बरे, कारण माणसाच्या उंचीवरून दाराची उंची काढता येते. हे गणित तुम्ही वर्गात समप्रमाणाच्या पाठात शिकलाच आहात.

डब्याच्या बाजूवर कोणती अक्षरे काढावयाची, हे मात्र साल ठरविल्याशिवाय सांगता येणार नाही. १९५१ पूर्वीचा डबा असेल, तर तो निजामाच्या रेल्वेचा. १९५१ मध्ये ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणून त्यानंतरच्या डब्यावर 'म. रे.' ही खूण हवी. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि हा मार्ग तिच्याकडे गेला. त्या दिवसानंतरच्या डब्यावर 'द. म. रे.' अशी अक्षरे येतील.